प्रा. मधु दंडवते: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (कोकण रेल्वे, फोमचा बर्थ, ९० चं बजेट आणि बाकी सगळं)

गणपती जवळ आले, रिझर्वेशन फुल्ल झालं की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक भांडण हमखास लागतं: कोकण रेल्वे नक्की आणली कुणी? मग कुणीतरी दंडवतेंचं नाव घेतं, दुसरा फर्नांडिस म्हणतो, तिसरा श्रीधरन, आणि चौथा एखाद्या आजच्या नेत्याचा बॅनर टाकून मोकळा होतो. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. नुसती स्तुती नाहीये, जिथे मला पटत नाही तिथे तसं लिहिलंय.

दंडवते म्हणजे नक्की कोण, दोन ओळीत सांगा ना

जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. फिजिक्समध्ये एमएस्सी, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात (बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज) बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, म्हणून नावाआधी प्राध्यापक. समाजवादी. १९७१ ते १९९१ सलग पाच वेळा राजापूरचे खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री, १९८९-९० अर्थमंत्री, प्लॅनिंग कमिशनचे उपाध्यक्ष दोनदा. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. दोनापेक्षा जास्त ओळी झाल्या, चालवून घ्या.

मधु लिमये आणि मधु दंडवते एकच का?

नाही हो. दोघंही समाजवादी, दोघंही लोकसभेत सरकारला घाम फोडणारे, म्हणून गोंधळ होतो. लिमये पुण्याचे पण निवडून यायचे बिहारमधून, मुंगेर आणि बांका. दंडवते नगरचे आणि निवडून यायचे तळकोकणातून. म्हणजे दोघांपैकी एकही स्वतःच्या गावचा खासदार नव्हता! आज पार्टीने 'बाहेरचा उमेदवार' दिला की केवढा बोभाटा होतो, तेव्हा मुंगेरची जनता मराठी माणसाला दिल्लीला पाठवत होती.

नगरचा माणूस राजापुरात आला कसा?

नाथ पैंमुळे. बॅरिस्टर नाथ पै १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा राजापूरमधून निवडून आले होते, संसदेत त्यांचं भाषण असलं की दुसऱ्या पक्षाचे लोकही येऊन बसायचे. जानेवारी १९७१ मध्ये ते अचानक गेले आणि मार्चमध्ये इंदिरा गांधींनी घेतलेली मध्यावधी निवडणूक. प्रजा समाजवादी पक्षाने तिकीट दंडवतेंना दिलं. दंडवते तेव्हा विधान परिषदेत होते, तोवर ४२ ची चळवळ, १९५५ चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्र, सगळं करून झालेलं, पण कोकणातलं स्वतःचं घर-दार, जमीनजुमला काही नाही.

आणि निवडणूक कसली, तर गरिबी हटाओची लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशातून दोन खासदार आले, एक बंगालमधून समर गुहा आणि दुसरे दंडवते.

पाच निवडणुका, पण पक्ष किती बदलले? दलबदलू होते का?

हा प्रश्न खोचकपणे विचारला जातो पण उत्तर सरळ आहे. ७१ ला प्रजा समाजवादी, त्याच वर्षी पक्षांचं विलीनीकरण होऊन सोशलिस्ट पार्टी, ७७ आणि त्यानंतर जनता पक्ष, ८९ ला जनता दल. पाटी बदलत गेली कारण पक्षच एकमेकांत मिसळत होते नाहीतर फुटत होते, माणूस तिथेच उभा होता. ७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या भांडणात (जनता पक्षात राहून संघाचं सदस्य राहता येईल का) लिमये वगैरे मंडळी बाहेर पडली, दंडवते चंद्रशेखर यांच्याबरोबर जनता पक्षात राहिले. ९० मध्ये त्याच चंद्रशेखर यांनी जनता दल फोडून सरकार बनवलं तेव्हा मात्र हे व्ही. पी. सिंगांकडेच राहिले, तिकडे गेले नाहीत.

८४ चं उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी ४३, मोठमोठे लोक पडले, वाजपेयी ग्वाल्हेरला पडले, आणि राजापूर मात्र जागचं हललं नाही.

आणीबाणीत कुठे होते?

बंगळूरच्या तुरुंगात, आणि का ते ऐकण्यासारखं आहे. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या मीटिंगसाठी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते बंगळूरला गेले होते. २६ जूनला सकाळी तिथेच पकडले. चौघांनी कर्नाटक हायकोर्टात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी याचिका) लावलं, हायकोर्टाने ते ऐकून घ्यायची तयारी दाखवली, आणि मग देशभरातल्या अशा केसेस सुप्रीम कोर्टात एकत्र झाल्या. तोच तो एडीएम जबलपूरचा निकाल, २८ एप्रिल १९७६: आणीबाणीत कुणालाही का डांबलं हे विचारायला कोर्टात जाता येणार नाही. चार विरुद्ध एक, विरोधातले एकटे न्या. खन्ना.

याचं पुढचं टोक लोक विसरतात. ७८ मध्ये जनता सरकारने, ज्यात दंडवते कॅबिनेट मंत्री होते, ४४ वी घटनादुरुस्ती केली. त्यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणावर आणीबाणी लावता येणं बंद झालं, आता सशस्त्र बंड लागतं, आणि जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क (कलम २१) आणीबाणीतही निलंबित करता येत नाही. म्हणजे ज्या कारणाने आपल्याला कोर्टाने दार बंद केलं ते कारणच घटनेतून काढून टाकणाऱ्या सरकारात हा माणूस बसला होता.

त्याच काळात पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. एक बंगळूरला एक पुण्याला, पत्रं सेन्सॉर होऊन यायची.

लाकडी बर्थवर फोम दंडवतेंनी टाकला, हे खरं की फॉरवर्ड केलेली गोष्ट?

खरं आहे. आणि माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम.

तरुण मंडळींना चित्र कळावं म्हणून सांगतो. तेव्हा सेकंड क्लास स्लीपर म्हणजे लाकडी फळी. पट्ट्या-पट्ट्यांची, मधे फटी, रात्रभर झोपलात की सकाळी पाठीवर पट्ट्यांचे वळ. म्हणून लोक होल्डॉल न्यायचे, नाहीतर घरची वळकटी, मोठ्या ट्रंकेवर ती बांधलेली, आणि ज्याच्याकडे तेवढंही नाही तो फळीवर चादर टाकून पडायचा. तर दंडवतेंनी त्या फळीवर दोन इंच फोम बसवायचं ठरवलं. सुरुवात काही लांब पल्ल्याच्या गाड्यांपासून झाली, मग हळूहळू सगळीकडे पसरत ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत लाकडी बर्थ जवळजवळ गायब. त्यांचा युक्तिवाद सोपा होता, फर्स्ट क्लासवाल्यांचं काही काढून घ्यायचं नाही, सेकंड क्लासला वर आणायचं. तिसरा वर्ग १९७४ मध्येच कागदावरून गेला होता पण नाव बदललं तरी फळी तीच होती ना! फळी यांनी बदलली.

दोन इंच फोमला राष्ट्रीय धोरण म्हणायचं का, असं एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, रोज किती लोक त्याच्यावर झोपतात ते मोज आणि मग सांग.

रेल्वेमंत्री म्हणून अजून काय केलं?

७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा तो प्रचंड संप झाला होता, मोडला गेला, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. दंडवते आल्याआल्या त्या कामगारांना परत घेण्याचं काम झालं. मग डिसेंबर ७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस, लांब पल्ल्याची सुपरफास्ट आणि सुरुवातीला पूर्ण एकाच वर्गाची, म्हणजे फर्स्ट क्लास नावाचा डबाच नाही. (आजच्या गीतांजलीला एसी डबे आहेत, तो आदर्श काही टिकला नाही.)

रिझर्वेशनमध्ये कॉम्प्युटर आणायची सुरुवातही त्यांच्याच काळातली धरतात, कामगार संघटनांना तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस वाटायचा आणि समाजवादी मंत्र्यानेच त्यांची समजूत काढावी लागली. प्रत्यक्ष सिस्टीम दिल्लीत सुरू व्हायला ऐंशीच्या दशकाचा मध्य उजाडला.

मग स्वतः रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे का नाही केली?

हा आरोप जुना आहे, राजापुरात प्रत्येक निवडणुकीत व्हायचा. पूर्ण खोटाही नाही. पण तेव्हाची स्थिती बघा. मुंबईकडून लाइन दिवा-पनवेल आणि पुढे आपट्यापर्यंत साठच्या दशकात आली आणि तिथेच अडकली. पुढचा सगळा सह्याद्रीचा उतार, नद्या, खाड्या, बोगदे, आणि रेल्वे बोर्डाचं गणित एकच, गुंतवलेल्या पैशावर परतावा किती? कोकणात माल काय, आंबे, काजू आणि चाकरमानी! त्या गणितात कोकण कधीच पास होत नव्हतं.

दंडवतेंनी आपटा-रोहा हा तुकडा मार्गी लावला, रोह्याला गाडी ८६ मध्ये पोचली. अडीच वर्षंसुद्धा पूर्ण मिळाली नाहीत, जुलै ७९ मध्ये सरकारच गेलं. मला विचाराल तर त्यांना जास्त जोर लावता आला असता, मंत्री स्वतःच्या मतदारसंघात काय काय ओढून नेतात ते आपण बघतोच. ते त्या जातीचे नव्हते. हा गुण म्हणायचा की दोष हे राजापूरच्या मतदाराला विचारा.

बरं, मग शेवटी कोकण रेल्वे आणली कुणी?

एकाने नाही. क्रम असा.

स्वप्न आणि पाठपुरावा: अ. ब. वालावलकर यांनी आयुष्य घातलं त्यात, नाथ पैंनी संसदेत विषय लावून धरला, दंडवतेंनी तो पुढे नेला.

पैसा आणि निर्णय: डिसेंबर ८९ मध्ये व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि योग असा जुळून आला की रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळ मंगळूरचे. अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे खासदार. आणि प्लॅनिंग कमिशनचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. तिघेही किनारपट्टीशी बांधलेले आणि फाइल ज्या तीन टेबलांवर अडते नेमकी तीच तिघांची टेबलं! तरी बजेटमध्ये एवढा पैसा नव्हताच. म्हणून रेल्वेच्या नेहमीच्या खर्चातून न करता वेगळं महामंडळ काढलं, १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, आणि बाकीचा पैसा बाजारात बाँड विकून. ही जी पैशाची मांडणी आहे ना, ती अर्थमंत्र्याच्या होकाराशिवाय होत नाही, आणि दंडवतेंचं खरं श्रेय इथे आहे, नुसत्या मागण्या करण्यात नाही. सप्टेंबर ९० मध्ये रोह्याला पायाभरणी झाली.

बांधकाम: ई. श्रीधरन आणि त्यांची माणसं. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. ९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू.

आणि जमिनी देणारे कोकणी शेतकरी, ज्यांचं नाव कुठल्याच बॅनरवर नसतं.

अर्थमंत्री म्हणून एकच बजेट ना? काय होतं त्यात?

हो एकच, १९ मार्च १९९०. रेल्वे बजेट आणि देशाचं बजेट दोन्ही वेगवेगळं मांडलेले लोक फार थोडे, जुन्या काळात जॉन मथाई आणि नंतर हे. आता तर २०१७ पासून रेल्वे बजेट वेगळं राहिलंच नाही.

लोकांच्या लक्षात राहिली ती कर्जमाफी. दहा हजार रुपयांपर्यंतचं शेतकरी, कारागीर, विणकर यांचं थकीत कर्ज माफ, २ ऑक्टोबर १९८९ ही तारीख धरून. देशपातळीवरची एवढी मोठी पहिलीच. आज दर निवडणुकीला जे चालतं त्याचं मूळ इथे आहे असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे, ज्याने घासाघास करून हप्ते भरले त्याला काय मिळालं, काहीच नाही, आणि बँकांच्या वसुलीला तेव्हापासून जी कीड लागली ती लागली. पण दुसरी बाजूही आहे, दहा हजाराच्या आतला थकबाकीदार म्हणजे कोण, तर एक बैलजोडी, एखादी विहीर अशासाठी कर्ज काढलेला माणूस. उद्योगांची बुडीत कर्जं बघितली की हे फारच किरकोळ वाटतं.

याशिवाय इन्कम टॅक्सची मर्यादा १८ हजारांवरून २२ हजार केली आणि गुंतवणुकीचा निम्म्याच्या आसपास वाटा शेती-ग्रामीण भागाकडे वळवायचा प्रयत्न केला.

सुवर्ण नियंत्रण कायदा म्हणजे काय आणि तो यांनी का काढला?

हे मात्र आजच्या पिढीला सांगून खरं वाटत नाही. १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सोन्यावर बंधनं आली, चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने करायचे नाहीत असा नियम. आपल्याकडे मंगळसूत्र चौदा कॅरेटचं? लोकांनी कपाळाला हात लावला, सोनारांच्या पेढ्या बंद पडल्या, बेकार झालेल्या सोनारांचे हाल झाले. चौदा कॅरेटची अट काही वर्षांत गेली पण १९६८ चा कायदा राहिला: घरात सोन्याचं बिस्किट किंवा लगड ठेवायची नाही, सराफाला लायसन, प्रत्येक ग्रॅमची वहीत नोंद, इन्स्पेक्टर येऊन तपासणार. स्मगलिंग थांबलं का? उलट हाजी मस्तानचे दिवस आले.

दंडवतेंच्या काळात, १९९० मध्ये, तो कायदा रद्द झाला. समाजवादी माणसाने लायसन-परमिटचं एक अख्खं खातं मोडीत काढलं, आणि तेही ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात आपण होतो त्यांच्याच हातचं. लायसन राज म्हटलं की सगळं श्रेय एकट्या मनमोहनसिंगांना देणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

९१ मध्ये देशाचं सोनं गहाण पडलं, ते दंडवतेंमुळे ना?

अर्धवट आरोप आहे. नोव्हेंबर ९० मध्ये सरकार पडलं आणि ते गेले, सोनं बाहेर गेलं ९१ मध्ये. दुखणं ऐंशीच्या दशकातलं, सरकारची तूट आणि बाहेरची कर्जं दोन्ही वाढत गेलेली. त्यावर ऑगस्ट ९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, वर तिकडून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक विमानाने परत आणावे लागले. पण मार्चच्या बजेटमध्ये तूट कमी करायला जेवढं कडक व्हायला हवं होतं तेवढे ते झाले नाहीत, हेही खरंच. कर्जमाफीचा खर्च त्यातच होता. त्यांच्या चाहत्यांना हे वाक्य आवडत नाही.

मंडल, महिला आरक्षण, उदारीकरण यावर त्यांची भूमिका?

मंडल: ऑगस्ट ९० चा ओबीसी आरक्षणाचा निर्णय त्यांच्याच सरकारचा, ते त्याच्या बाजूने, आणि सरकार पडेपर्यंत हलले नाहीत.

महिला आरक्षण: इथे खरं नाव प्रमिलाताईंचं घ्यायला हवं. १९८० मध्ये त्या मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आल्या, म्हणजे सातव्या लोकसभेत नवराबायको दोघंही खासदार. हुंड्याविरुद्धचा कायदा कडक व्हावा म्हणून त्या लढल्या, महिला दक्षता समितीचं काम उभं केलं, आणि आरक्षणाचं विधेयक ९६ मध्ये पहिल्यांदा आलं त्यामागच्या रेट्यात त्या पुढे होत्या. कायदा व्हायला २०२३ उजाडलं.

उदारीकरण: ९१ नंतरच्या दिशेवर ते समाजवादी बाजूने टीका करत राहिले. ९६ ते ९८ प्लॅनिंग कमिशनवर असताना नवव्या योजनेची आखणी त्यांच्याकडे होती, पण तोवर बाजाराची गाडी एवढी पुढे गेली होती की योजनेला कोण विचारतंय.

एवढं सगळं करून ९१ ला हरले कसे?

मेजर सुधीर सावंत, काँग्रेस. रेल्वेची पायाभरणी होऊन वर्षही झालं नव्हतं आणि राजापूरने त्यांना घरी बसवलं. रेल्वे नव्हती तेव्हा पाचदा निवडून दिलं, काम सुरू झालं आणि पाडलं! कारणं बरीच, ९० पासून शिवसेना तळकोकणात घुसली होती (मालवणमधून नारायण राणे त्याच वर्षी आमदार झाले), समाजवाद्यांचे जुने कार्यकर्ते म्हातारे झाले होते, नवी पोरं मिळत नव्हती, मंदिर-मंडलने हवा बदलली होती. पुढे ९६ पासून सलग चारदा सुरेश प्रभू, आणि तेही कालांतराने रेल्वेमंत्री झाले. राजापूर हा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत गेलाच, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग.

त्यांचं स्मारक वगैरे कुठे आहे?

सावंतवाडी टर्मिनसला त्यांचं नाव द्या ही मागणी कोकणात वर्षानुवर्षं चालू आहे. अंत्यसंस्काराची जागा शोधत असाल तर नाही मिळणार, त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. हॉस्पिटलला दिला.

भाषणं मूळात वाचायची असतील तर?

संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेचे जुने वादविवाद स्कॅन करून ठेवलेत. नावाने सर्च केलं तर ढीग येतो, म्हणून तारीख धरून जा: १९ मार्च १९९० चं बजेट, आणि त्याआधी ७७ ते ७९ ची रेल्वे बजेटं. स्कॅन काही ठिकाणी पुसट आहेत, झूम करावं लागतं, मोबाईलवर नका वाचू.